सोयाबीनची सुगी, फुटबॉल आणि पंधराशे मीटर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग. वक्ते हिंगोली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहेत.)



मी खेळाचा मास्तर. खेळाचा मास्तर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं गळ्यातली शिट्टी येते. प्रत्यक्षात आमचं निम्मं आयुष्य प्रवेशिका भरण्यात, जन्मतारखेचे दाखले जोडण्यात आणि मुलांना घेऊन एस.टी.ची वाट बघण्यात जातं. आज मला आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या एका हंगामाबद्दल बोलायचं आहे. २०२४ सालचा जून ते डिसेंबर, एवढाच काळ. मुलीचं नाव सांगत नाही, गावाचंही नाही. ती अजून शाळेत शिकते आहे आणि तिच्या आजीला रेडिओ ऐकायची सवय आहे. एवढं सांगतो, की गाव सेनगाव तालुक्यात आहे, कयाधूच्या काठापासून फार लांब नाही आणि आमच्या शाळेपासून सात किलोमीटरवर आहे.

आमच्याकडं फुटबॉल आला कसा, हे आधी सांगायला हवं. कोल्हापूरला फुटबॉल पेठेपेठेत आहे, नागपुरात आहे, मुंबईत आहे. हिंगोलीत कबड्डी, कुस्ती, खो-खो, व्हॉलीबॉल. गावातल्या पोरांना विचाराल तर क्रिकेट. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल विश्वचषक आपल्या देशात भरला. त्याच्या तोंडावर १५ सप्टेंबरला राज्यभरातल्या शाळांमध्ये एकाच दिवशी फुटबॉल खेळायचा, असा शासनाचा कार्यक्रम झाला. ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ असं त्याचं नाव. शाळेत नवे कोरे चेंडू आले. त्या दिवशी मुख्याध्यापकांनी धोतराचा सोगा खोचून किक मारली आणि सगळी शाळा हसली. दुसऱ्या दिवशी चेंडू कपाटात गेले. कपाटाला कुलूप. किल्ली माझ्याकडंच होती, तेव्हा दोष कुणाला देऊ?

पुढच्या महिन्यात विश्वचषक सुरू झाला. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, रिक्षाचालकाचा मुलगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. भारत तिन्ही सामने हरला. पण आमच्या शाळेतली पाच-सहा मुलं ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली, ‘सर, तो बॉल द्या की.’ मी दिला. तिथून आमचा फुटबॉल सुरू झाला. चेंडूची शिवण उसवली की मोची आणि हवा गेली की सायकलचं दुकान, असं आजवर चाललं आहे. मुलींचा संघ झाला २०२२ साली. त्या वर्षी मुलींचा सतरा वर्षांखालचा विश्वचषकही भारतात झाला, नवी मुंबई, गोवा आणि भुवनेश्वरला. खरं सांगायचं तर आमच्या मुलींना त्याचा पत्ताही नव्हता. कबड्डीच्या संघात जागा न मिळालेल्या मुलींनी मोकळा चेंडू पाहिला आणि लाथा मारायला सुरुवात केली, इतकंच.

ही मुलगी त्यांच्यात होती. तेव्हा सातवीत. अंगानं काडी, पण थकत नसे. सामना संपला की बाकीच्या पोरी झाडाखाली आडव्या व्हायच्या आणि ही चेंडू गोळा करत फिरायची. मी तिला एकदा मैदानाभोवती पळायला लावलं. आमच्या शाळेच्या मैदानावर फक्की मारून दोनशे मीटरचा गोल बसतो, म्हणजे पंधराशे मीटरला साडेसात फेऱ्या. तिनं त्या पळून काढल्या आणि विचारलं, ‘झालं का, सर?’ माझ्यातला मास्तर जागा झाला. आता या पोरीला दोन्हीकडं उतरवायचं, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. तिला विचारलं नाही.

ऐकणाऱ्यांपैकी काहींना वाटेल, पळायचंच आहे ना दोन्हीकडं, मग अडचण काय? अडचण आहे. पंधराशे मीटर म्हणजे एका लयीत पळणं. श्वास आणि पाऊल यांचं जमलं की शरीर आपोआप पुढं जातं. फुटबॉलमध्ये लय नसतेच. दहा पावलं जोरात, गचकन थांबा, वळा, मागं या, उडी मारा, धक्का खा, पुन्हा जोरात. एक खेळ दुसऱ्याला मदतही करतो. पळण्यानं दम वाढतो, तो सामन्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत कामाला येतो. वळण्या-थांबण्यानं घोटे आणि मांड्या तयार होतात, ते शेवटच्या फेरीत उपयोगी पडतं. म्हणून वाढत्या वयात दोन खेळ खेळावेत, असं मी आजही म्हणतो. पण दोन्हींचा भार शेवटी एकाच नडगीवर येतो.

त्यात आमची जमीन. काळी माती ही कापसाला, सोयाबीनला, हळदीला सोन्यासारखी. खेळाडूला ती छळते. पावसाळ्यात बुटाला असा गाळ चिकटतो की एकेक पाय किलोभर जड होतो. पाऊस उघडला आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं की तीच माती विटेसारखी टणक होते, भेगाळते. शहरातली मुलं कृत्रिम धावमार्गावर पळतात, खिळ्यांचे बूट घालतात. आमच्या मुलीकडं एकच कॅनव्हासचा जोड होता, त्यावरच शाळा, त्यावरच फुटबॉल, त्यावरच पळणं. शेतात मात्र अनवाणी. तो जोड शेतात खराब होऊ नये म्हणून.

आता वेळापत्रक बघा. आमच्या शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो. जुलैत सुब्रतो चषकाच्या जिल्हा फेरीनं फुटबॉलचं तोंड उघडतं. ऑगस्ट-सप्टेंबरात तालुक्याच्या मैदानी स्पर्धा, मग जिल्ह्याच्या, मग विभागाच्या. शालेय फुटबॉलचा वेगळा रस्ता. जिल्ह्यात मुलींचे संघ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळं एक-दोन सामने जिंकले की तुम्ही थेट विभागाला. ऐकायला भारी वाटतं, पण विभागाला गेल्यावर मोठ्या शहरांतल्या शाळा समोर येतात तेव्हा आपण कुठं आहोत ते कळतं. आणि याच दोन-अडीच महिन्यांत गणपती, नवरात्र, सहामाही परीक्षा आणि सोयाबीनची सुगी. हिंगोलीत तर दसऱ्याला रामलीला मैदानावर प्रदर्शन भरतं. आकाशपाळणे, दुकानं, गर्दी. आमच्या पोरींना मैदान म्हटलं की आधी तोच पाळणा आठवतो.

शाळेनंतर सराव घ्यावा म्हटलं तर ते शक्य नाही. गावोगावच्या मुली मानव विकासच्या निळ्या बसनं येतात. ती बस सुटली म्हणजे सुटली. पावसाळ्यात अंधारून आलेल्या रस्त्यानं सात किलोमीटर मुलीला चालत कोण पाठवील? म्हणून फुटबॉलचा सराव शेवटच्या दोन तासांत, तोही गणिताच्या सरांची मनधरणी करून. पळण्याचा सराव तिनं गावात पहाटे करायचा, असं ठरलं. साडेपाचला गावाबाहेरच्या पुलावर तिची आजी घोंगडी पांघरून बसायची आणि ही पुलापासून फाट्यापर्यंत चार खेपा मारायची. आजीला घड्याळ कळत नाही. ती खेपा मोजायची दगडांनी. एक खेप झाली की एक दगड बाजूला.

त्या जुलैत आम्ही सुब्रतोच्या जिल्हा फेरीत हरलो. ऑगस्टमध्ये पॅरिसचं ऑलिम्पिक चालू होतं. आपल्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत पोहोचला होता. शर्यत आपल्याकडं मध्यरात्रीनंतर झाली, तो अकरावा आला. दुसऱ्या दिवशी मुलीनं मला विचारलं, ‘सर, साबळे लहानपणापासून तेच पळायचे का?’ मी सांगितलं, नाही. ते सैन्यात गेले, तिथं क्रॉसकंट्री पळायचे आणि २०१७ मध्ये, बाविसाव्या वर्षी, अडथळ्यांच्या शर्यतीकडं वळले. ती म्हणाली, ‘मग अजून टाइम आहे.’ तालुक्याला तिनं पंधराशे मीटर सहज जिंकलं. वेळ साडेपाच मिनिटांच्या आसपास. राज्यपातळीच्या मानानं ते काहीच नाही, पण मातीवर आणि कॅनव्हासच्या बुटावर ते खूप होतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला अतिवृष्टी झाली. मराठवाड्यातल्या श्रोत्यांना ते दिवस आठवत असतील. कयाधूला पूर आला, शेतं पाण्याखाली गेली. शाळेचं मैदान आठ-दहा दिवस तळं होतं. पाऊस उघडल्यावर जे सोयाबीन वाचलं होतं ते काढायची एकच घाई उडाली, कारण शेंग भिजली की दाणा काळा पडतो आणि उभ्या झाडाला कोंब फुटतात. मजूर मिळेनात. घरातलं प्रत्येक माणूस विळा घेऊन रानात. हे मला माहीत होतं. मी स्वतः शेतकऱ्याच्या घरातला आहे. पण माझ्या डोक्यात विभागीय फुटबॉल आणि जिल्ह्याची मैदानी स्पर्धा एवढंच चालू होतं.

त्या दोन स्पर्धा लागोपाठच्या दिवशी आल्या. यात कुणी मुद्दाम काही केलेलं नाही. दोन खेळांची दोन पत्रकं दोन टेबलांवर तयार होतात. दोन्हीकडं एकच मुलगी खेळणार आहे, हे त्या कागदांना कसं कळावं? ते कळण्याचं ठिकाण एकच होतं, आणि ते म्हणजे मी. आदल्या दिवशी परजिल्ह्यात तिनं सकाळ-दुपार असे दोन सामने खेळले. पहिला आम्ही जिंकलो, दुसरा दोन गोलनी हरलो. संध्याकाळी एस.टी.त बसलो, रात्री साडेअकराला हिंगोलीत उतरलो. मुली एका ओळखीच्या घरी झोपल्या. सकाळी जिल्ह्याचं मैदान. बसमध्ये तिनं नडगीला हात लावून मला म्हटलं होतं, ‘सर, हितं कळ लागू लाली.’ मी पिशवीतून दुखण्यावरचा फवारा काढला, मारला आणि म्हणालो, ‘झोप बाळा, सकाळी बरं वाटेल.’

सकाळी ती पळाली. पहिल्या तीन फेऱ्या पुढं होती. चौथ्या फेरीच्या अर्ध्यात तिचं पाऊल वाकडं पडायला लागलं. हे दुरून कुणाला दिसलं नसतं, मला दिसलं. मी ओरडत होतो, ‘धर, धर, सोडू नको!’ श्रोतेहो, हे वाक्य मला आजही ऐकू येतं. ती दुसरी आली. नियमाप्रमाणं विभागासाठी पात्र ठरली. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. फोटोत ती एका पायावर उभी आहे.

नंतर आठ दिवस ती शाळेत आली नाही. मला वाटलं, सुगी. नवव्या दिवशी मी मोटारसायकल काढून गावात गेलो. आजी ओट्यावर शेंगा निवडत होती. तिनं मला बस म्हटलं नाही. म्हणाली, ‘मास्तर, लेकरू रातभर कण्हू लालं. तुम्हाला सांगायला लाजू लालं. सर रागावतील म्हणे.’ मी आत गेलो. मुलगी भिंतीला टेकून बसली होती, पुढ्यात इतिहासाचं पुस्तक. वडील रानातून आले. त्यांच्याशी बोलताना हळूहळू कळलं की सुगी सुरू झाल्यापासून ती पहाटे पळून आली की थेट विळा घेऊन शेतात जायची. दोन तास सोयाबीन कापून मग बस. रविवारी दिवसभर. स्वतःचं रान आटोपल्यावर शेजारच्यांचं गुत्त्यानं घेतलं होतं.

मी तिथंच खिशातल्या डायरीत आकडे मांडले. फुटबॉल आठवड्याला पाच तास. पळणं सहा. शेत, रोज दोन तास धरून सहा दिवसांचे बारा आणि रविवारचे आठ. एकूण एकतीस. चौदा वर्षांची मुलगी, आठवड्याला एकतीस तास. सुट्टीचा दिवस एकही नाही. आणि या एकतीसपैकी मला फक्त अकरा माहीत होते, वडिलांना वीस. पुरे एकतीस माहीत होते ते त्या पोरीला, आणि दगड मोजणाऱ्या आजीला.

हिंगोलीत हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नडगीवरून एक बोट फिरवलं. एका जागी आल्यावर ती किंचाळली. डॉक्टर मला म्हणाले, नडगीची कड सगळी दुखत असेल तर ते स्नायूंच्या ओढीचं दुखणं असतं, थोड्या विश्रांतीनं जातं. पण एका बोटाखाली मावेल अशी एकच जागा दुखत असेल, आणि बसल्याजागी, रात्री झोपेतही दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा जाण्याची सुरुवात समजायची. एक्स-रेत ती पहिल्या काही आठवड्यांत दिसेलच असं नाही. म्हणून एक्स-रे चांगला आला तरी खेळायचं नाही. सहा आठवडे पळणं बंद, उड्या बंद. त्यांनी रक्तही तपासायला सांगितलं. रक्त कमी निघालं. त्यात नवल नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार या वयातल्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आहे. रक्त कमी असलेल्या मुलीला दम लागतो तेव्हा आम्ही मास्तर लोक म्हणतो, सराव कमी पडतोय.

मी घरी आल्यावर शोधायला लागलो. शहाणपण उशिरा सुचतं, पण सुचतं. अमेरिकेत शिकागोजवळच्या लोयोला विद्यापीठातले डॉ. नीरू जयंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात ते अठरा वर्षांच्या सुमारे बाराशे मुलामुलींचा अभ्यास केला होता. तो २०१५ मध्ये छापून आला. त्यात त्यांना दोन गोष्टी दिसल्या. मुलाचं जेवढं वय, त्याहून जास्त तास तो आठवड्याला खेळत असेल, तर अतिवापराच्या गंभीर दुखापतींचं प्रमाण वाढतं. म्हणजे चौदा वर्षांच्या मुलाला चौदा तास ही वरची मर्यादा. दुसरी गोष्ट मला जास्त लागली. मास्तरच्या शिट्टीवरचा खेळ हा मुलांनी आपल्या आपण खेळलेल्या खेळाच्या दुपटीहून जास्त झाला, तरी तेच होतं. आता आमच्या मुलीचे खेळाचे अकरा तास त्या मर्यादेत बसत होते. पण शिकागोच्या मुलांना सोयाबीन कापावं लागत नाही. गंमत बघा, शिकागो ज्या इलिनॉय राज्यात आहे ते अमेरिकेतलं सोयाबीनचं फार मोठं राज्य. पण तिथं ते यंत्रानं निघतं. उकिडवं बसून विळ्यानं कापणाऱ्या मुलीचे तास कुठल्या रकान्यात धरायचे, हे त्या अभ्यासात नाही. ते आपलं आपल्याला धरावं लागेल. आणि शिट्टीशिवायचा खेळ? त्या महिन्यात तिच्या वाट्याला तो शून्य तास होता.

मी एक दोनशे पानी वही आणली. सात रकाने आखले. फुटबॉल, पळणं, शेत, चालणं, अभ्यास, झोप, आणि शेवटी दुखणं. दुखण्याला शून्य ते दहा आकडा द्यायचा. दहा म्हणजे रडू येईल एवढं. हे तिनंच भरायचं आणि सोमवारी मला दाखवायचं. खोटं लिहायचं नाही आणि मी रागवायचं नाही, असा करार झाला. हे मोठं विज्ञान नाही. पण त्याआधी ही बेरीज कुणीच करत नव्हतं. फुटबॉलचा मास्तर फुटबॉल मोजतो, मैदानी खेळाचा मास्तर फेऱ्या मोजतो, बाप पाट्या मोजतो. आमच्या शाळेत तर पहिले दोन मास्तर म्हणजे मी एकटाच, तरीही बेरीज झाली नव्हती.

विभागाच्या मैदानी स्पर्धेला ती गेली नाही. या निर्णयानं मला झोप लागली नाही, हे कबूल करतो. शाळेच्या पाटीवर विभागाला गेलेल्या मुलांची नावं रंगवतात. संस्थेतल्या एकानं विचारलंही, ‘एवढं पात्र होऊन घरी बसवली?’ मी डॉक्टरांचा कागद पुढं केला. तिनं मात्र वाद घातला नाही. तिला दुःख होतं ते फुटबॉलचं. संघातल्या पोरी मधल्या सुट्टीत खेळायच्या आणि ही गोलखांबाला टेकून उभी असायची. सुट्टीचे पैसे वाचवून तिनं पंक्चरवाल्याकडून चेंडूला हवा भरून आणली होती. खेळायला मिळत नव्हतं तरी.

नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक आली. आम्ही मास्तर मंडळी ड्यूटीवर, शाळा मतदान केंद्र. पोरीला त्यानिमित्तानं खरी विश्रांती मिळाली. एरवी मी चौथ्या आठवड्यातच म्हणालो असतो, ‘बघ बरं जरा हळू पळून.’

त्याच सुमारास तिचे वडील शाळेत आले. फेट्याचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाले, ‘सर, एक सांगा. ह्या दोन्हीतलं नोकरीला कोणतं लागतं? जे लागतं ते करू द्या, दुसरं बंद करा.’ श्रोतेहो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पाच एकर कोरडवाहू, तीन लेकरं. त्यांच्या जागी मी असतो तर हेच विचारलं असतं. मी त्यांना खरं सांगितलं. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना आठशे मीटर पळावं लागतं, शंभर मीटर पळावं लागतं आणि गोळा फेकावा लागतो. तिथं पळणं थेट कामाला येतं. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी कामगिरी वरच्या पातळीची लागते, जिल्ह्याचं प्रमाणपत्र चालत नाही. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, त्याचेही नियम आहेत. फुटबॉलमधून आपल्या जिल्ह्यातल्या मुलीला नोकरी लागलेली माझ्या पाहण्यात नाही.

ते उठायला लागले. मी म्हणालो, ‘मामा, एक मिनिट बसा. तिला विचारू.’ तिला बोलावलं. ती बराच वेळ चपलेनं फरशी खरवडत राहिली. मग म्हणाली, ‘पळताना मी एकटीच असते, सर. फुटबॉलला अकरा जणी असतात.’ थोडं थांबून म्हणाली, ‘फुटबॉल बंद झाला तर मी पळणार बी नाही.’ वडील माझ्याकडं बघत राहिले. ही धमकी नव्हती, ती आपलं गणित सांगत होती. पहाटेचा कंटाळवाणा, एकट्याचा सराव ती करत होती तो दुपारच्या दोन तासांच्या आशेवर. जे बंद करायला आम्ही दोघं निघालो होतो, त्याच्यावरच दुसरं उभं होतं.

उसेन बोल्टची गोष्ट मी वडिलांना सांगितली. शाळेत तो क्रिकेट खेळायचा, त्याचा वेग बघून क्रिकेटच्या मास्तरनंच त्याला धावायला पाठवलं. आणि धावून सगळं जिंकून निवृत्त झाल्यावर २०१८ मध्ये तो ऑस्ट्रेलियातल्या एका क्लबात फुटबॉलपटू व्हायला गेला होता! जमलं नाही, ती गोष्ट वेगळी. वडिलांना बोल्ट माहीत नव्हता. पण ते हसले. म्हणाले, ‘मंजी पळणाऱ्यांना बी फुटबॉलच पायजे.’

आम्ही तिघांनी मिळून ठरवलं ते असं. दहावी होईपर्यंत खेळ कुणी निवडायचा नाही. वर्षभर दोन्ही, पण एका महिन्यात एकच पुढं, दुसरा चवीपुरता. पावसाळ्यात फुटबॉल पुढं, कारण संघ तेव्हाच बांधावा लागतो. सप्टेंबरपासून पळणं पुढं. सुगीच्या तीन आठवड्यांत पहाटेचं पळणं बंद, कारण शेत हाच सराव धरायचा. वडिलांनी रविवारचं गुत्तं सोडायचं कबूल केलं. त्यांनी किती पैशांवर पाणी सोडलं ते मला माहीत आहे, इथं सांगत नाही. मी कबूल केलं की दोन स्पर्धा लागोपाठ आल्या तर एक मी स्वतः खोडणार, कोणती ते ती सांगेल. आणि पोरीनं कबूल केलं की दुखलं तर त्याच दिवशी सांगेल. मला नाही सांगावंसं वाटलं तर आजीला, आणि आजी मला. आजीकडं मोबाइल आहे. माझा नंबर तिनं हिरव्या बटणावर ठेवून घेतला आहे.

डिसेंबरात डॉक्टरांनी बोट फिरवलं तेव्हा ती हसली. पहिल्या आठवड्यात एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं दहा वेळा. तिला लाज वाटायची. बारकी पोरं म्हणायची, ‘ताई, पळ ना नीट.’ शाळेनं वर्गणी काढून तिला पळण्याचा एक जोड घेऊन दिला, कॅनव्हासचा जोड फुटबॉलला राहिला. क्रॉसकंट्रीला मी तिचं नाव घातलं नाही. फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखेच्या दुपारी पेन दोनदा हातात घेतला होता, तेही सांगून टाकतो.

आता ती दहावीत आहे. पावसाळ्यात संघाची मधल्या फळीतली जागा तिची आहे. पंधराशे मीटरची वेळ गेल्या वर्षीच्या जवळ आली आहे, पुढं गेलेली नाही. दहावीच्या अभ्यासाचा रकाना वहीत रुंद करावा लागला. परवा सोमवारी वही बघत होतो. रविवारच्या ओळीत फुटबॉल शून्य, पळणं शून्य, शेत एक तास, दुखणं शून्य. खाली मी न आखलेल्या एका जागी तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘गल्लीत पोरांसोबत बॉल खेळले. किती वेळ ते पाहिलं नाही.’

मी त्यावर सही केली. जिल्ह्याच्या तारखा अजून यायच्या आहेत.